पंचमीचा दोर

बैल विकत घेताना सगळेच त्याचे दात पाहतात. कारभारी विकणाऱ्यालाही तोंड उघडायला लावील, अशी गावात थट्टा होती. थट्टा खोटी म्हणता आली नसती. पायताण दोनदा झटकल्यावाचून तो पाय घालीत नसे. विहिरीवरून आलेल्या घागरीला आधी नाक लावी, मग ओठ. कोणी आपणहून काही द्यायला आले, तर घेण्याआधी त्याच्या पाठीमागे आणखी कोण उभे आहे हे बघून घेई. अंतरवाली सराटीच्या शिवाराला लागून असलेल्या त्या लहानशा गावात कोरडवाहू चाळीस एकरांचा धनी म्हणून त्याला मान होता, पण पारावर त्याच्याशेजारी बसताना माणसे जरा सावरून बसत. आपण काही लपवलेले नसले तरी याला सापडेल, असे त्यांना वाटे.

निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षात साऱ्या मुलखालाच दाराच्या फटीतून बाहेर बघायची सवय लागली होती. पुढे पोलीस अॅक्शन झाली, राज्य बदलले, माणसांनी हळूहळू दारे उघडी टाकली. कारभारीचे दार मात्र बंदच राहिले. त्याची सवय त्या वर्षातली नव्हतीच. ती फार जुनी होती, आणि ती एका दोरापासून सुरू झाली होती.

सत्तावीस साली कारभारी बारा वर्षांचा होता. त्याची थोरली बहीण सोनूबाई लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी आलेली होती. अंगणातल्या कडुनिंबाच्या आडव्या फांदीला झोका बांधला, सोनूबाई त्यावर उभी राहिली, झोका तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला पार शेंड्यापर्यंत गेला आणि वरून ती खाली आली. कमरेचे हाड जे सरकले ते वैदूला बसवता आले नाही. दिवाळीनंतर सासरकडचा माणूस आला, लंगडत पाणी घेऊन येणाऱ्या सुनेकडे त्याने एकदा पाहिले, पाणी प्याला आणि एकटाच परत गेला. त्या वर्षी माघात तिच्या नवऱ्याचे दुसरे लग्न झाले. सोनूबाई माहेरी राहिली ती राहिलीच.

दोर तुटला, असे कारभारीच्या बापाने त्याच दिवशी चावडीसमोर सांगितले. दोर गावच्या दोर वळणाऱ्याचा, म्हणजे आता तेच काम करणाऱ्या कचरूच्या बापाचा होता. कारभारीच्या बापाने त्याला बोलावून चारचौघांत नको ते बोलून घेतले आणि त्याचे बलुते त्या दिवसापासून बंद केले. गावानेही हळूहळू हात आखडला. बैलांची दावी, कासरे त्याच्याकडून घेत. पण ज्याला माणूस लटकणार असा दोर त्याच्याकडून कोणी घेईना. पंचमीचे झोके गावात पुढेही बांधले जात, ते अंबडच्या किंवा जालन्याच्या दोराने. कचरूचा बाप त्या बोलण्यातून उठला नाही. चार वर्षांनी गेला. त्यानंतर त्याच अंगणात, त्याच लाकडी फिरकीवर कचरू दोर वळू लागला.

कारभारीच्या अंगणात मात्र पुन्हा झोकाच बांधला गेला नाही. फांदीवर दोराच्या घर्षणाने पडलेला खळगा हळूहळू सालीने भरून आला.

आणि आता, अठ्ठावीस वर्षांनंतर, त्याने स्वतःच्या तोंडाने शब्द देऊन ठेवला होता.

त्याची मुलगी नंदाबाई. तिचे लग्न वैशाखात झाले. लहानपणी पंचमीला इतर पोरी झोक्यावर चढत तेव्हा नंदा बापाच्या नजरेच्या धाकाने पाराशी उभी राहून बघत असे. सासरी जाताना गाडीत पाय ठेवता ठेवता तिने बापाचा हात धरला आणि म्हणाली, "दादा, पहिल्या पंचमीला आपल्या अंगणात झोका बांधताल. बांधताल म्हणा, तवाच जाते." गाडीवान घाई करीत होता, बायका रडत होत्या, आणि कारभारीच्याही डोळ्यांना पाणी आलेले होते. तो म्हणाला, "बांधीन." डोळे पुसून होईपर्यंत गाडी वेशीबाहेर गेली होती आणि शब्द परत घ्यायला कोणी उरले नव्हते.

श्रावण लागला तशी त्याची झोप उडाली. पंचमीला सहा दिवस उरले असताना तो शेजारच्या रामकिसनला घेऊन निघाला. अंबडपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार, आणि जालन्याच्या बाजारात दोन प्रहरी पोचल्यावर तो दोरांच्या गल्लीत शिरला तो दिवस कलला तरी बाहेर येईना. काथ्याचा दोर त्याने नाकारला. तो पावसात फुगतो. सुताचा नाकारला, तो ताणला की लांबतो, आणि लांबणारी वस्तू आपले काहीतरी लपवून असते असे त्याचे मत होते. अंबाडीचा दोर घेतला तर तो टोकाला चावून, सुटलेल्या तंतूंना काडीने विंचरून, ओला करून, पिळून, उन्हाकडे धरून बघू लागला. एका दुकानदाराने हात जोडले.

"अहो कारभारी, दोर घेऊन राह्यले का सून पसंत करून राह्यले?"

"सून वाईट निघाली तर घर मोडतं. दोर वाईट निघाला तर माणूस मोडतं," कारभारी म्हणाला. "आत काय भरलंय ते सांगा."

"आत काय भरणार? अंबाडी. बिलकुल पक्का माल. माझा बी लेक याच्यावर झोके घेतो."

"किती वर्साचा हाय लेक?"

"पाच."

"मंग त्याचं वजन किती?" कारभारीने विचारले, आणि रामकिसन मान वळवून हसू लागला.

अखेर त्याने एक दोर घेतला. तीन पेडी, अंगठ्याएवढा जाड, पिवळाधमक, हाताला टणक. तो घेताना दुकानदाराने एकही शपथ घातली नाही, किंमतही कमी केली नाही. आणि नेमके तेवढ्यामुळे कारभारीला त्याचा थोडा भरवसा वाटला. परतीच्या मोटारीत त्याने तो दोर मांडीवर धरून आणला. टपावर ठेवू दिला नाही.

घरी आल्यावर त्याने तो दोर तसा बांधला नाहीच. आधी ज्वारीची दोन पोती एकत्र बांधून ती त्या दोराने फांदीला टांगली. सकाळी टांगलेली पोती दुपारपर्यंत तशीच राहिली. सगुणाबाई, त्याची बायको, जेवायला हाक मारून मारून दमली.

"अवं, पोत्याला बी झोका देऊन बघा की," ती म्हणाली. "बिचारं कवापासून लटकून राह्यलंय."

तिचे बोलणे त्याने खरेच मनावर घेतले. उठून पोत्यांना हात लावला, झोका दिला. पोती हेलकावू लागली. पाचव्या हेलकाव्याला वरून कर्र असा आवाज झाला आणि दोराचा एक पेड सुटून केसांसारखा विस्कटला. कारभारीने पोती खाली घेतली, विळ्याच्या टोकाने दोर उकलला. बाहेरून पिवळी, नवी अंबाडी. आत पोटात काळपट, कुजकट जुने तागाचे तुकडे पिळून भरलेले. कोणाच्या तरी गोणपाटाची चिंधीसुद्धा निघाली.

दुसरा माणूस चिडला असता. कारभारीच्या तोंडावर मात्र एक प्रकारचे समाधान आले. "बघा," तो म्हणाला. "दिसलं का? सगळे असेच." मग तो पाटावर बसला आणि बोटांवर दिवस मोजू लागला, कारण आता पंचमीला दोनच दिवस उरले होते आणि नंदा संध्याकाळच्या गाडीने येणार होती.

नंदा आली. अंगणात पाय ठेवताच तिने आधी फांदीकडे बघितले, मग बापाकडे.

"दोर आनला न्हाई?"

"आनला व्हता. खोटा निघाला."

"मंग दुसरा आना."

"दुसरा बी खोटाच निघंल."

 हातातले गाठोडे तिने ओसरीवर ठेवले आणि आत्याजवळ जाऊन बसली. सोनूबाई आपल्या बाजेवर बसून वाती वळीत होती. नंदा हळूच, पण बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्या, सासरी समद्या म्हणत व्हत्या, तुझ्या गावचे झोके लै उंच जातात म्हणं. मी म्हणलं, जातात. मला काय ठावं, मी तर कधी चढलेच न्हाई."

 सोनूबाईने वात जरा जास्त घट्ट पिळली.

दुसरा दिवस चतुर्थीचा. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात. सोनूबाईने अठ्ठावीस वर्षे हा उपवास एकदाही चुकवलेला नव्हता. त्याच्या आधीचीही वर्षे धरली तर भाऊ जन्मल्यापासूनच तिने त्याच्यासाठी पोट मारले होते. सकाळीच अंघोळ करून, काठी टेकत ती मागच्या दारी मातीचा नागोबा करायला गेली.

कारभारी ओसरीवर बसून घरातले सगळे दोर पुढे घेऊन बघत होता. गाडीचा, विहिरीचा, कडब्याच्या भाऱ्याचा. एकही त्याच्या मनास येईना. तेवढ्यात नंदाने आत्याची बाज बाहेर उन्हात ओढून आणली, ढेकणासाठी.

"दादा, हा बघा की," ती पायथ्याशी हात लावून म्हणाली. "आत्याच्या बाजेची अदवान. कसला चिवट दोर हाय. मी लहानपणी याच्यावर नाचत व्हते, तवा बी ढिला पडला न्हाई."

बाजेची वीण पायथ्याच्या बाजूला ओढून ताणलेली ठेवण्यासाठी जो दोर ओवतात, त्याला अदवान म्हणतात. बाज झोळ धरू लागली की अदवान ओढायची. घरात ते काम सोनूबाई स्वतःच करी, कोणाला हात लावू देत नसे. दर उन्हाळ्यात ती तिला एरंडेलाचा हात पुसते एवढे कारभारीला माहीत होते. त्या बाजेवर तो रोज संध्याकाळी बहिणीजवळ घटकाभर बसे. बाजेचे पाय त्याने कितीदा हलवून बघितले होते, विणीत विंचू आहे का ते बघितले होते. अदवान कधी बघितली नव्हती.

त्याने आता बघितली. अंबाडीची, तीन पेडी. काळसर पडलेली, पण पीळ जसाच्या तसा. नख रोवले तर नख मागे आले. त्याचे डोळे चमकले. "नंदा, सोड ही," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून ती ओवणीतून काढली. वीण भसकन सैल पडली. कारभारीने दोर अंगणात सरळ पसरला आणि हाताने मोजला. सोळा हात. बाजेला इतका लागत नाही. उरलेला दोर तिने पायथ्याशी गुंडाळून ठेवला होता.

मग सवयीने त्याने टोके तपासली. पहिल्या टोकाला तंतू सुटू नयेत म्हणून सुताने घट्ट बांधलेली मूठ होती, नऊ वेढ्यांची, शेवटचा वेढा आतून काढलेला. अशी मूठ गावात एकच घर बांधते. तो चालत दुसऱ्या टोकाशी गेला. तिथेही नऊ वेढे.

म्हणजे दोर अखंड होता. वळणाऱ्याच्या हातून निघाला तसाच, कुठेही तुटलेला, कुठेही जोडलेला नाही.

कारभारी खाली बसला. त्या घरात कचरूच्या घरचा दोर शेवटचा आला तो कोणत्या वर्षी, हे त्याला कोणाला विचारावे लागणार नव्हते. आणि त्या वर्षी फांदीवर कोण चढले होते, हेही नाही. कचरूचा बाप दोर घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, फांदीवरची गाठ मी बांधून देतो. बारा वर्षांचा कारभारी म्हणाला होता, बहीण माझी आहे, गाठ मीच बांधणार. बापाला त्याचे कौतुक वाटले होते. हे सगळे त्याला आठवत होते, नेहमीच आठवत होते. त्याच्या पुढे मात्र त्याला दोर तुटल्याचा आवाज आठवे, कडाड असा, अगदी स्पष्ट.

सोनूबाई मागच्या दाराने काठी टेकत आली. अंगणात पसरलेला दोर तिने पाहिला आणि उंबऱ्यातच थांबली.

"आक्का," कारभारी म्हणाला. "हा दोर कुठला?"

"तुला ठावं हाय कुठला ते."

"हा तुटलेला न्हाई."

"न्हाई."

"मंग?"

सोनूबाई उंबऱ्यावर बसली. दुखरा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून पुढे घेतला. "मंग काय? गाठ सुटली. मी वर बघत व्हते. सुटताना दिसली मला."

नंदा बापाकडे बघेना. तिने सैल पडलेल्या बाजेला उगीच धरून ठेवले.

"सांगितलं कामून न्हाई?" कारभारीचा आवाज फार बारीक झाला होता.

"सांगितलं असतं तर बापानं तुला जित्ता ठेवला असता का? बारा वर्साचा व्हता तू. बाप दोर जाळायला निघाल्ता. म्हणलं, राहू द्या, बाजेला लागतो." ती थोडी थांबली. "बाप मेल्यावर सांगावं म्हणलं. पर तवर तू जल्माचा त्या दोराला शिव्या देऊन राह्यला. वाटलं, त्या रागावरच तुझं चाललंय, चालू द्यावं. कचरूच्या बापाचं लै वाईट वाटायचं. त्याची म्हातारी दिसली की मी वाट बदलायची. पर तो परका, कारभारी. तू माझा."

असे म्हणून तिने मातीने भरलेले हात पदराला पुसले. उपवासामुळे तिचा चेहरा उतरला होता.

कचरूचे घर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेला होते. कारभारी भर दुपारी तिकडे निघाला तेव्हा पारावरच्या माणसांनी माना वळवून पाहिले. कचरू अंगणात दोर वळीत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, काटक. कारभारीला बघून तो उठला नाही आणि फिरकीही थांबवली नाही.

"या," तो म्हणाला. "काही हरवलंय का?"

"न्हाई. दोर पायजे."

"जालन्यात भेटला न्हाई?"

"तो खोटा निघाला."

"मंग माझा खरा निघंल, असं कोण म्हणतं?" कचरूने पहिल्यांदा वर बघितले. त्याच्या नजरेत तेच होते जे कारभारी आयुष्यभर इतरांकडे बघताना वापरीत आला होता. "अठ्ठावीस वर्सं माझ्या दारात तुमच्या घरचं कुत्रं आलं न्हाई. आज लेकीसाठी दोर पायजे म्हणता. उद्या काही झालं तर गावाला सांगायला बरं, कचरूचा व्हता म्हणून. व्हय ना?"

"कचरू," कारभारी म्हणाला, "तुझ्या बापाचा दोर तुटला नव्हता."

फिरकी थांबली. कचरूने हातातला पीळ सुटू नये म्हणून पायाच्या अंगठ्याखाली दाबला आणि मग सावकाश बोलला.

"आमाला ठावं हाय. त्याच दिवशी संध्याकाळी बा तुमच्या भिताडावरून बघून आल्ता. दोर अंगणात पडेल व्हता, दोन्ही मुठी साबूत."

"मंग तो बोलला कामून न्हाई?"

"कोणाला बोलावं? तुमच्या बापाला?"

 नाल्यातल्या पाण्याला कुजत्या अंबाडीचा जुना वास येत होता. कारभारीने डोक्यावरचे पागोटे सारखे केले आणि म्हणाला, "गाठ माझी व्हती. मी..."

कचरूने हात वर केला. "इथं नका बोलू. इथं मी एकटाच हाय."

तो उठून घरात गेला आणि दोराचे भेंडोळे घेऊन आला. नवा दोर, अजून तोडायचा होता. "रामकिसनच्या मोटेचा नाडा वळत व्हतो. त्याच्यात सोळा हात जास्त निघतो. आजच तोडून घ्या, उद्या पंचमीला सुरी लावता यायची न्हाई." त्याने दोर मोजला, तोडला, आणि टोकाला नऊ वेढ्यांची मूठ बांधली. कारभारीने सवयीने तो दोर नाकाशी नेला. मग काय करतो आहोत ते ध्यानात येऊन खाली घेतला.

"बघा, बघा," कचरू म्हणाला. "उकलून बघा. नवं काय हाय?"

"न्हाई बघायचं."

"बघा म्हणतो मी. अन् अजून एक. दोर माझा, गाठ तुमी बांधायची. मी खाली उभा राहून बघीन."

उन्हे कलली तेव्हा कडुनिंबाखाली आळीतल्या बायका जमल्या होत्या. उपवासाचा दिवस, हाताला काम नाही, आणि कारभारीच्या अंगणात झोका बांधला जाणार ही बातमी. त्यांच्यात चतुराबाईही होती. गावात नवी सून आली की दोर तुटल्याची गोष्ट तिला सांगायचे काम हिचे. इतक्या वर्षांत तिच्या गोष्टीत दोराच्या ठिणग्यासुद्धा उडू लागल्या होत्या. कचरू दोर खांद्यावर घेऊन अंगणात शिरताच ती पुढे आली.

"कचरूचा दोर? अरे कारभारी, पोरीच्या जिवावर उठला का तू?"

कारभारी तोवर फांदीवर चढला होता. चाळिशीच्या माणसाला फांदी बारा वर्षांच्या पोरापेक्षा फार उंच वाटते. दोराचे एक टोक त्याच्या हातात होते. खाली बघावे तर सगळी तोंडे वर वळलेली. सगुणाबाई, नंदा, काठीवर भार देऊन उभी असलेली सोनूबाई. जरा बाजूला, हात मागे बांधून, कचरू.

"चतुराकाकी," तो म्हणाला. फांदी घट्ट धरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "चतुराकाकी, त्या वर्सी दोर तुटला नव्हता. गाठ सुटल्ती. अन् गाठ मी बांधल्ती."

 चतुराबाईने सोनूबाईकडे पाहिले. सोनूबाईने एकदाच मान हलवली.

"आता गं माय," चतुराबाई हळूच म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

कारभारीने फांदीला गोणपाट गुंडाळले, दोराचे दोन वेढे घेतले आणि गाठ बांधली.  तो खाली उतरला तसा कचरू वर चढला. त्याने गाठ बोटाने चाचपली, एक टोक ओढले आणि पूर्ण गाठ सोडून टाकली.

"परत बांधा," तो म्हणाला.

कारभारी पुन्हा चढला, पुन्हा बांधली. कचरू पुन्हा वर गेला, वाकून बघितले, हिसका दिला, सोडली. "परत."

आता कोणीतरी बाई फिसकन हसली. सगुणाबाईने तोंडाला पदर लावला. कोणाच्याही वस्तूवर भरवसा न ठेवणारा हा माणूस, कान लाल करून, तिसऱ्यांदा फांदीवर चढत होता, आणि खाली उभा असलेला एक माणूस त्याच्या हाताकडे डोळे बारीक करून बघत होता. तिसऱ्या खेपेला कचरूने गाठ सोडली नाही, पण "हा पीळ उलटा घेतला," असे म्हणून खालून, उभ्या जागेवरूनच दाखवले. कारभारीने तो सरळ केला. चौथ्या खेपेला कचरूने दोन्ही हातांनी दोर धरला, पाय वर घेतले आणि आपल्या सगळ्या भारानिशी त्याला लोंबकळला. फांदी करकरली. गाठ आणखी आवळली गेली.

"बराबर," तो म्हणाला आणि दोर सोडून बाजूला झाला.

नंदा पदर खोचून पुढे आली. तेवढ्यात सोनूबाईची काठी मध्ये आडवी आली.

"थांब गं पोरी. माझा झोका उरलेला हाय."

"आक्का, नको," कारभारी म्हणाला. "आदी मी बसून बघतो. तुझी कंबर..."

"माझ्या कमरेसाठी तुला आता भ्यावं लागत न्हाई," सोनूबाई म्हणाली. तिने काठी नंदाच्या हातात दिली, दोराच्या झोळात गोधडीची चौघडी टाकायला लावली आणि बसली. दोन्ही बाजूंचा दोर तिने मुठीत धरला. दिवसभर तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. कपाळावरचे केस पांढरे झालेले होते, पण धरण्याची रीत सोळा वर्षांच्या पोरीचीच होती.

कारभारी तिच्या पाठीमागे उभा राहिला. त्याची नजर फांदीवरून हलेना. गाठीवरून दोरावर, दोरावरून गोणपाटावर, पुन्हा गाठीवर. कचरूही मान वर करून तिथेच बघत होता. दोघांचेही श्वास ऐकू येत होते.

"आता वर काय बघून राह्यला?" सोनूबाई मागे न वळता म्हणाली. "तिकडं कचरू हाय बघायला. तू हात लाव."

कारभारीने तिच्या पाठीला हात लावला आणि झोका पुढे ढकलला.